गोणीमागं एक ओळ

"घेऊन जा यांना," पंतोजी म्हणाले. "माझ्याच्यानं हे होणार नाही."

मी ओट्याखाली उभी होते, डोक्यावर फुटाण्याची पाटी. ओट्यावर गावातली शेंबडी पोरं धुळपाट्या पुढ्यात घेऊन बसली होती आणि त्यांच्या रांगेच्या टोकाला, गुडघे कानांना टेकवून, माझा नवरा. वयानं चाळिशीला आलेला, अंगानं रेड्याएवढा. धुळपाटी त्याच्या मांडीवर पानाच्या डब्यासारखी दिसत होती.

"परत कसे घेऊ?" मी म्हणाले. "शिकवणीची दोन पायल्या ज्वारी तुम्ही आधीच नेलीत. माल परत करायचा तर ज्वारी परत करा."

"बाई, ती ज्वारी माझ्या घरात केव्हाच शिजली."

"मग यांनाही शिजवा."

"शिजत नाहीत, हीच तर अडचण आहे. 'एक दिडे दीड' म्हणतात. 'दोन दिडे तीन' म्हणतात. 'तीन दिडे' आलं की आढ्याकडं बघतात. मी सांगून थकलो की आढ्यावर काही लिहिलेलं नाही. महिना झाला, रोज तिथंच बघतात."

नवरा उठला. उठताना आढ्याला डोकं आपटलं. "जातो पंतोजी," म्हणाला आणि पंतोजींच्या पाया पडून खाली उतरला. चेहऱ्यावर लाज नाही, राग नाही. बैलाला औतातून सोडलं की तो जसा उभा राहतो तसा माझ्याशेजारी उभा राहिला.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. तेव्हा घेत नव्हते, आता तो नाही तरी घेत नाही. लोक त्याला हैबती म्हणायचे. नाव असं की शत्रूनं ऐकून पळावं. माणूस असा की शेजारच्या कोंबड्यानं दटावून घरात घालावं. मी मनातल्या मनात त्याला आमचं ध्यान म्हणायचे, आणि इथंही तेच म्हणणार आहे.

ध्यानाला दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, शिकवायचं खूळ माझंच. पेशव्यांचा अंमल होता. सरकारातून कौल मिळाला आणि आमच्या भोकरी गावाबाहेरच्या माळावर नवी पेठ वसली. पेठ म्हणजे दोन रांगा दुकानं, मधे धुरळा, टोकाला महाजनाची वखार. महाजन गुणाप्पा शेट. आसपासच्या गावांची सगळी ज्वारी त्याच्या वखारीत यायची. आमचं ध्यान तिथं हमाल होतं. बैलावरची गोणी उतरवायची, पाठीवर घ्यायची, वखारीत नेऊन थप्पीला लावायची. त्याच्या बुद्धीला झेपणारं तेवढंच काम सगळ्या पेठेत होतं.

गोणी दीड मणाची भरायची, असा त्या पेठेचा रिवाज. आता कुणब्यानं अकरा गोण्या आणल्या तर मण किती झाले? कुणब्याला विचारायची सोय नव्हती. तो एका गोणीला एक खडा कनवटीला लावायचा, बायको असली तर ओटीत टाकायची. शेवटी ओंजळभर खडे हातात घेऊन उभे राहायचे आणि त्या खड्यांचे मण करायला गुणाप्पाच्या तोंडाकडं बघायचे. गुणाप्पा म्हणेल तेवढे मण. घरी जाताना खडे फेकून द्यायचे. वर्षाच्या घामाचा हिशेब रस्त्यावर टाकून येणारी ही माणसं जत्रेत मात्र एका वांग्यासाठी दुपारभर भांडायची.

तक्रारी फार झाल्या तेव्हा सरकारातून हुकूम आला, पेठेला मापारी नेमा. मापाऱ्यानं मोजायचं, मण किती ते सगळ्यांदेखत पुकारायचं आणि गोणीमागं एक ओंजळ धान्य घ्यायचं. नेमणूक महाजनाच्या हाती. माघातल्या एका बाजारी परीक्षा व्हायची होती. ओंजळ म्हटल्यावर माझं डोकं चाललं. आमच्या ध्यानाची ओंजळ सुपाएवढी होती. जमेची बाजू तेवढीच, पण भक्कम.

आणि मला ती नेमणूक हवी होती त्याला आणखी एक कारण होतं. माझा थोरला भाऊ सटवाजी दिवाळीला येऊन गेला होता. घर बघितलं, मडकी हलवून बघितली, जावयाकडं बघितलं.

"गोजरे," तो म्हणाला, "असल्या माणसाबरोबर जन्म काढणार तू? आपल्यात काडी मोडता येते. पंचांपुढं गवताची काडी मोडायची, की तू मोकळी. आमच्या गावात एक बिजवर आहे. दोन बैल, स्वतःची विहीर. पाट लावून देतो."

मूल नव्हतं, मागं ओढणारं कुणी नव्हतं. मी विचार केला. विहीर कुणाला नको असते?

"ह्यांना मापारीपण मिळालं तर राहीन," मी म्हणाले. "नाही मिळालं तर काडी मोडू."

ध्यानापासून काही लपवून ठेवलं नाही. तोंडावर सांगितलं. तो भाकरी खात होता. चावून झाल्यावर म्हणाला, "बरं." एवढंच. मला वाटलं होतं, निदान घास अडकेल.

तर असं ते ध्यान पंतोजींच्या ओट्यावरून परत मिळालं. वाटेत वखार लागली. एक गोणी दारात पडली होती, ती त्यानं सवयीनं पाठीवर घेतली आणि दोन पावलं चालून म्हणाला, "तीन दिडे साडेचार."

मी थांबले. "काय म्हणालात?"

"काय?"

"आत्ता. साडेचार म्हणालात."

त्यानं गोणी खाली ठेवली आणि आठवायला लागला. काही आठवेना. पुन्हा पाठीवर घेतली तर पुन्हा साडेचार. ओट्यावर महिनाभर ऐकलेलं कुठंतरी आत जाऊन बसलं होतं; पाठीवर वजन पडल्याशिवाय ते बाहेर येत नव्हतं. आमच्या माणसाची अक्कल पाठीत होती, आणि पंतोजी ती डोक्यात शोधत होते.

मग मी काय केलं, तर गोणीमागं एक ओळ लावून दिली. पहिली गोणी उचलली की 'एक दिडे दीड', दुसरी उचलली की 'दोन दिडे तीन'. अडलं की पंतोजींच्या ओट्यावरून जाता येता मी पुढची ओळ ऐकून यायचे आणि वखारीच्या दारात त्याला सांगायचे. एका गोणीला एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी गोणी थप्पीवर टाकताना छातीतून निघणारा 'हं'. तो 'हं' त्याला दिडकीचाच भाग वाटायचा. महिन्याभरात वीस गोण्यांपर्यंत गेला. पण मधली एक ओळ सुटी विचारायची सोय नाही. एकदा जेवताना विचारलं, "सात दिडे किती?" त्यानं भाकरी ठेवली, हात धुतले, जात्याची वरची तळी उचलून खांद्यावर घेतली आणि चुलीपासून दारापर्यंत खेपा घालायला लागला. सातव्या खेपेला दारातून ओरडला, "साडेधा, हं." कालवण गार होऊन गेलं होतं.

बैल उभे करायची जागा आणि वखार यांच्या मधे एक भिंत होती. भिंतीच्या सावलीत आम्ही बाया पाट्या मांडून बसायचो. माळणी होत्या, मी फुटाणे घेऊन असायचे, आणि टोकाला ठकूबाई, कांदे घेऊन. ठकूबाई कुणब्याची म्हातारी, विधवा, दोन शेतं आणि एक मुखदुर्बळ लेक यांची मालकीण. ध्यानाच्या खेपा आमच्या पुढ्यातूनच व्हायच्या. दिवसभर कानाशी 'आठ दिडे बारा, हं'.

"आली ग दिडक्याची वरात," ठकूबाई म्हणायची. "गोजरे, रातीलाबी म्हणतो का ग ह्यो?"

"झोपेत फक्त 'हं' म्हणतात."

बाया हसायच्या. मग त्यांनी खेळ काढला. तो गोणी घेऊन आला की त्याच्याआधी ओळ म्हणायची, म्हणजे त्यानं चुकावं. तो चुकायचा नाही, कारण बायांचं बोलणं ऐकण्याइतकी जागा त्याच्या डोक्यात उरलेली नसायची. काही दिवसांनी बायांचा खेळ संपला, पण तोंडाची सवय राहिली. भाजी निवडता निवडता त्यांच्या तोंडून आपोआप ओळ जायची, जांभई जाते तशी. वखारीतल्या बाकीच्या हमालांचंही तेच. आपण काय बोलतोय याचा त्यातल्या एकालाही पत्ता नव्हता. कीर्तनात झोपलेला माणूस टाळीच्या वेळी टाळी वाजवतो, त्यातला प्रकार.

परीक्षेच्या दिवशी सटवाजी येऊन भिंतीला टेकून उभा होता. मापारीपणाला दोघेच उभे होते. आमचं ध्यान आणि दर्याजी. दर्याजी परगावच्या पेठेत कारकुनाच्या हाताखाली राहून आलेला, पातळ ओठांचा, स्वच्छ अंगरख्याचा. हिशेबाला खरा होता, पण तो आपला खरेपणा असा मिरवायचा की समोरच्याला आपण चोर आहोत असं वाटावं. कुणब्याशी बोलताना तो त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या झाडाकडं बघायचा.

गुणाप्पानं स्वतःच्याच वखारीतल्या सतरा गोण्या बाहेर मांडल्या होत्या. तक्क्याला रेलून म्हणाला, "दर्याजी, सतरा गोण्या. मण किती?"

"साडेपंचवीस," दर्याजी म्हणाला. गुणाप्पाचा प्रश्न अजून हवेत होता.

कुणबी एकमेकांकडं बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यानं मोजलं कवा?"

"हैबती, आता तू."

"शेट," ध्यान म्हणालं, "गोण्या हलवाव्या लागतील."

"का रे, सतरा आहेत, सांगितलं ना मी."

"तसं न्हाई जमत. एक एक गेली पायजे."

लोक हसले. सटवाजीनं माझ्याकडं बघून मान हलवली. गुणाप्पा मात्र हसला नाही. तक्क्यावरून थोडा पुढं झाला.

"बरं, हलवू. पण मापाऱ्यानं गोणी उचलायची नसते. हमाल नेतील. तू नुसतं म्हण."

पाठ रिकामी, म्हणजे डोकं रिकामं. मला वाटलं, झालं, विहिरीच्या गावी जायचं. पण ध्यानानं वाट काढली. हमाल पुढ्यातून जायला लागला की हा गोणीवर थाप मारायचा आणि ओळ म्हणायचा. 'एक दिडे दीड, हं.' 'दोन दिडे तीन, हं.' थाप, ओळ, हं. बारा गोण्या अशा बिनचूक गेल्या. भिंतीकडच्या बायाही पुटपुटत होत्या.

"हैबती," गुणाप्पा गोड आवाजात म्हणाला, "बायको बरी आहे ना रे? फुटाणे हल्ली करपवते म्हणतात."

ध्यान गुणाप्पाकडं वळलं. मोठ्या माणसानं विचारलं, म्हणजे हात जोडले पाहिजेत. जोडले. "बरी हाय शेट. न्हाई करपत. परवा एकदाच करपलं."

तेवढ्यात हमाल तेरावी गोणी घेऊन त्याच्या पाठीमागून गेला.

ध्यान वळलं, पुढच्या गोणीवर थाप मारली. "तेरा दिडे साडेएकोणीस, हं." ती चौदावी होती. तिथून सगळं एक गोणी मागं चालत राहिलं. शेवटच्या गोणीवर थाप पडली, "सोळा दिडे चोवीस, हं. चोवीस मण, शेट."

दर्याजीनं अर्ध्या ओठानं हसून झाडाकडं बघितलं. सटवाजी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चल, पंचांना सांगावा धाडतो."

"दर्याजीची हुशारी मोठी," गुणाप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पण मापारी गरिबातला असावा, असं मला वाटतं. चुकला तर शिकेल. लोकांचं काय म्हणणं?"

लोकांचं म्हणणं काय असणार? "हैबती बरा," एक म्हणाला. "आपल्यातला हाय." दुसरा म्हणाला, "दर्याजी आमच्याकडं बघतबी न्हाई." दीड मणानं चुकलेला माणूस त्यांना आपला वाटला. त्यांच्या तोंडासमोर चुकला, हे त्यांना फार आवडलं. गुणाप्पानं स्वतःच्या हातानं ध्यानाच्या डोक्याला तांबडं पागोटं बांधलं. कुणबी एवढे खूश झाले की, आता मोजायला आपला माणूस आहे म्हणून, दोघांनी कनवटीचे खडे तिथंच ओतले.

मी पाटीवरचे फुटाणे सारखे करत राहिले. गुणाप्पाचा चेहरा बघितला होता. आंबेवाल्याकडून फोड घेऊन चाखतात, आंबा आपल्या कामाचा निघाला की डोळे बारीक होतात, तसे त्याचे झाले होते. माझी खुशाली विचारायला त्याचा एक श्वास खर्च झाला, आणि त्या श्वासात एक गोणी अल्लद निघून गेली. आज ती त्याचीच होती. पुढच्या बाजारापासून ती कुणब्याची असणार होती.

दर्याजी जाताना माझ्यापाशी थांबला. "एक पसा फुटाणे द्या, वहिनी."

मी दिले. तो पहिल्यांदाच माणसाकडं बघून बोलत होता.

"तुम्हाला कळलंय," तो म्हणाला. "तुमच्या तोंडावर दिसतंय."

"काय कळायचंय?"

"मापात खोट कधी ना कधी उघडी पडते. पडली की महाजन सापडत नाही. मापारी सापडतो. त्याला गाढवावर उलटा बसवतात आणि बायकोला मागून चालवतात. मी बघितलंय." फुटाणा तोंडात टाकून म्हणाला, "करपलेत थोडे."

घरी आल्यावर ध्यानानं पागोटं काढलं नाही. ते घालूनच पाणी प्यायलं.

"शेटनं तुम्हाला बोलण्यात गुंतवलं," मी म्हणाले. "एक गोणी गेली."

"गेली?"

"तुमच्या मागून."

त्यानं पागोटं चाचपलं. "पण शेटनी इचारल्यावर बोलायला नगं? मोठा माणूस."

"नको."

"तुझीच चवकशी करत हुते."

"माझी चौकशी मी करीन. पुढच्या बाजारी शेट काही बोलले तर ऐकू आलं नाही असं दाखवा."

"असं कसं?" तो म्हणाला. "ऐकू येतं की."

या माणसाला खोटं ऐकूही येत नव्हतं आणि खोटं बहिरंही होता येत नव्हतं. असल्या खरेपणाला बाजारात काय भाव असतो ते मला पुरेपूर माहीत होतं.

सटवाजीला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे तर आणखी वाईट झालं. नुसत्या खुळ्याची बायको होतीस, आता चोराची होशील. पुढच्या बाजाराला बैलगाडी घेऊन येतो. बाजार उठायच्या आत सांग. नंतर बिजवर थांबणार नाही, त्यालाही दुसऱ्या पोरी सांगून येताहेत."

"पुढच्या बाजारी एक जरी गोणी चुकली," मी म्हणाले, "तर गाडीत बसते."

पुढच्या बाजारी गाडी भिंतीमागं सोडलेली होती आणि सटवाजी बैलांना कडबा टाकत होता. वखारीपुढं पहिला माल आला तो नेमका ठकूबाईचा. तिच्या मुखदुर्बळ लेकानं बारा गोण्या आणल्या होत्या. वर्षाची सगळी ज्वारी. लेक बैलांपाशी उभा राहिला. म्हातारी कांद्यांची पाटी सोडून उठली नाही, पण कांदे विकतही नव्हती. एक गोणी उतरली की ओटीत एक खडा. मला तिची कीव नाही आली. बारा खड्यांत तिचा जीव होता, आणि ते ओटीत घेऊन ती अशी बसली होती जसे ते उबवल्यावर त्यांतून मण बाहेर येणार आहेत.

हमाल निघाले. थाप, ओळ, हं. गुणाप्पा घाईत नव्हता. आठ गोण्यांपर्यंत त्यानं काहीच केलं नाही, नुसता सुपारी कातरत बसला. मग स्वतःच्या हातानं विडा लावला. केवढा लावला म्हणता, पोटुशा बाईनं डोहाळजेवणात घ्यावा एवढा.

"मापारी," तो म्हणाला, "आज पहिला दिवस. तोंड गोड कर."

मी ध्यानाकडं डोळे वटारून बघत होते. त्यानं माझ्याकडं बघितलंही. पण महाजनानं पुढं केलेला विडा हातात धरून ठेवायचा म्हणजे बेअदबी. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि अख्खा तोंडात घातला. गाल फुगले. हमाल नववी गोणी घेऊन पुढ्यात आला. ध्यानानं थाप मारली, तोंड उघडलं. आतून नुसता लाल घुरघुराट आला.

गोणी पुढं गेली. मी गाडीकडं बघितलं.

"नऊ दिडे साडेतेरा," ठकूबाई म्हणाली.

मदतीसाठी नाही, हे मी शपथेवर सांगेन. तिचे डोळे ओटीतल्या खड्यांवर होते. गेले दोन महिने त्या जागी बसून, गोणी पुढ्यातून गेली की तिच्या तोंडून जे जायचं तेच गेलं. शेवटी 'हं'सुद्धा म्हणाली.

गुणाप्पानं मान वळवली. दहावी गोणी निघाली होती.

"दहा दिडे पंधरा, हं," भिंतीकडून चार माळणी म्हणाल्या. एकीच्या हातात मेथीची जुडी होती, ती सोडवता सोडवता.

"ठकूबाई," गुणाप्पा म्हणाला, आवाजात तोच गोडवा, "कांदे कसे दिले आज?"

ठकूबाई गडबडली. महाजनानं तिला आजवर कधी हाक मारली नव्हती. "घ्या की शेट," ती म्हणाली, "तुमच्यापुढं काय भाव..."

"अकरा दिडे साडेसोळा, हं." तिच्या मागच्या बाया थांबल्याच नव्हत्या. त्यांना कुणी कांद्याचं विचारलं नव्हतं.

"अगं, काय कालवा लावलाय?" गुणाप्पा त्यांच्याकडं वळून जोरात म्हणाला. "इथं मोजणी चालली आहे. गप्प बसा."

बाया गप्प झाल्या. गुणाप्पा तक्क्याला टेकला. शेवटची गोणी पाठीवर घेऊन एक हमाल वखारीच्या पायरीवर चढत होता. त्याला खाली काय चाललंय हे माहीतच नव्हतं. त्याचं तोंड जमिनीकडं होतं आणि मानेवर दीड मण होते. पायरी चढला, गोणी थप्पीवर टाकली आणि आतून त्याचा आवाज आला, "बारा दिडे अठरा, हं."

ठकूबाईनं ओटीतले खडे एकेक करून पाटीत टाकले. ओठ हलत होते. बारावा खडा टाकून तिनं वर बघितलं, आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की मी त्या म्हाताऱ्या बाईला पहिल्यांदाच शहाणी समजले. निदान त्या क्षणापुरती.

"शेट," ती म्हणाली, "अठरा झालं."

"मी कुठं नाही म्हणतोय?" गुणाप्पा म्हणाला. त्याच्या तोंडात काही नव्हतं, तरी शब्द बाहेर यायला वेळ लागला. "अठरा मण. लिहून घ्या."

त्या दिवशी आणखी पाच जणांचा माल आला. गुणाप्पानं कधी हवापाण्याचं काढलं, कधी देवीच्या जत्रेचं. ध्यान दर वेळी इमानानं वळायचं, हात जोडायचं, उत्तर द्यायचं. ओळी चालूच राहायच्या. भिंतीकडचं तोंड बंद झालं की पायरीवरचं उघडायचं, पायरीवरचं थांबलं की बैलांपाशी उभ्या कुणब्यांतून कुणीतरी घोगऱ्या आवाजात पुढची म्हणायचा, आणि आपण बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटायचं. पुढं एक-दोन वर्षांत आसपासच्या गावांतल्या चुलीपुढंही ही दिडकी पोचली. पंतोजी कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, पोरं माझ्याकडं येतात ती दिडकी घेऊनच येतात, पण दर ओळीला हमालासारखी कण्हतात, ते काही सुटत नाही. कण्हल्याशिवाय त्या मुलखात कुणाला हिशेब येत नव्हता. खडे मात्र कनवटीतून गेले.

पण ते नंतरचं. त्या बाजारी दुपार कलली, दुकानदार आवरायला लागले आणि सटवाजी भिंतीमागून आला.

"बैल जुंपू का?" त्यानं विचारलं.

"जुंप. उजेडात घरी पोचशील."

"पोचशील म्हणजे? तू?"

मी फुटाण्याची पाटी आवरत होते. उरलेले त्याच्या धोतराच्या सोग्यात ओतले. "पोरांना ने."

"गोजरे, नवऱ्याला एका दिवसात अक्कल आली म्हणतेस?"

"छे. आहे तसाच ठोंब्या आहे तो, आणि मरेपर्यंत तसाच राहील." मी पाटी डोक्यावर घेतली. "पण आता त्याला फसवायचं तर आधी सगळ्या माळणी, सगळे हमाल आणि अर्धे कुणबी यांच्या तोंडांत विडे कोंबावे लागतील. गुणाप्पाला ते परवडत नाही. मी हिशेब केलाय."

सटवाजीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वखारीकडं. मग बैलांकडं गेला. त्या बिजवरानं त्याच वैशाखात दुसरी केली, असं कळलं.

आमचं ध्यान गर्दीतून वाट काढत आलं. दिवसभराच्या ओंजळी एका फडक्यात बांधून खांद्यावर टाकलेल्या, पागोटं कानावर आलेलं, हनुवटीपर्यंत लाल ओघळ.

"गोजरे," त्यानं हळूच विचारलं, "त्या ठकूबाईचं शेवटाला किती झालं ग? मला ऐकूच आलं न्हाई."

"अठरा," मी म्हणाले. "आधी तोंड पुसा."